वीस पौंडांचे न्यायालय

१८२४ साली, चार्ल्स डिकन्स अवघ्या १२ वर्षांचा असताना, त्याचे वडील लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जाऊन पडले. अपराध एवढाच, की पाववाल्याचे ४० पौंड १० शिलिंग देणे थकले होते. बाप गजाआड आणि पोर बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत बसलेले! ही हकीकत वाचली की सारे जग त्या पोरासाठी हळहळते. मला मात्र हटकून तो पाववाला आठवतो. बापाला डांबून त्याच्या पदरात पैसे थोडेच पडणार होते?

लहान देणेघेणे निस्तरण्याची धड सोय त्या काळी इंग्लंडात नव्हती. वेस्टमिन्स्टरच्या बड्या न्यायालयात जावे तर खर्चच मूळ रकमेला गिळून टाकी. काउंटीची, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या मुलखाची, जुनी न्यायालये होती. पण त्यांची धाव ४० शिलिंगांपर्यंत. १८२८ साली हेन्री ब्रूम यांनी पार्लमेंटात सुमारे सहा तास बोलून कायद्याच्या या जंजाळाचे वाभाडे काढले, तरी सुधारणेला १८४६ साल उजाडले. त्या साली कायद्याने नवी काउंटी कोर्टे आली. मर्यादा २० पौंडांची. पुढे चारच वर्षांत ती ५० झाली. गंमत अशी, की नाव काउंटीचे, पण हद्दी काउंटीच्या नव्हेत. सोयीप्रमाणे नवेच इलाखे पाडलेले.

या कोर्टांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट निराळीच आहे. बड्या दिवाणी न्यायालयांत तेव्हा वादी-प्रतिवादींना स्वतःची साक्षच देता येत नसे; स्वार्थी माणूस खोटे बोलणार, हे गृहीतच! काउंटी कोर्टात मात्र पाववाला आणि त्याचा ऋणको समोरासमोर उभे राहून आपापले म्हणणे सांगू लागले. न्यायाधीश हप्ते बांधून देत. वरच्या कोर्टांना हे शहाणपण १८५१ साली सुचले.

त्या कायद्याचे नावच मुळी ‘छोटी देणी व मागण्या अधिक सुलभतेने वसूल करण्याचा कायदा’. १८५० साली तशाच नावाचा कायदा कलकत्ता, मद्रास आणि मुंबईसाठी झाला, आणि त्यातून आपले मुंबईचे स्मॉल कॉज कोर्ट उभे राहिले. धोबी तलावाजवळून जाताना त्या इमारतीचे हे लंडनचे नाते कितीजणांच्या ध्यानात येते?

पण स्वस्त न्यायाचा लाभ अधिक कोणी घेतला? सावकारांनी आणि उधारी देणाऱ्या दुकानदारांनी. ऐपत असून हप्ता चुकवला, असे ठरले की ४० दिवसांपर्यंत तुरुंग; आणि तो भोगूनही कर्ज फिटत नसे! सामान्य देण्यांपायी होणारी ही कैद १९७० च्या कायद्यानेच संपली.

तुरुंग गेला, वही राहिली. न पाळलेल्या निकालांची जाहीर नोंदवही लंडनात १८५२ पासून आहे. आज फी भरून कोणीही कोणाचेही नाव तीत धुंडाळू शकतो. निकालानंतर महिन्याच्या आत पैसे भरले तर नोंद पुसली जाते; उशिरा भरले तर ‘फिटले’ असा शेरा पडतो, पण नाव सहा वर्षे तसेच राहते. तोवर नवे कर्ज मिळणे दुरापास्त. मला ही शिक्षा जरा कडकच वाटते. मात्र वही बंद केली तर नवा पाववाला पुन्हा आंधळेपणानेच उधार देणार, हेही खरे.

खटल्याच्या कागदांची रीत वेगळी. सुनावणी बहुधा उघड्या दालनात होते. त्रयस्थाला दाव्याचा अर्ज, प्रतिवादीची कैफियत आणि जाहीर निकाल यांच्या नकला सामान्यतः फी भरून मिळतात. साक्षीपुराव्यांचे कागद हवे असले तर न्यायाधीशाची परवानगी लागते. २०१४ पासून इंग्लंड-वेल्समधली ही सारी कोर्टे कायद्याने एकच ‘काउंटी कोर्ट’ झाली आहेत, पण अर्ज करायला खटल्याचा क्रमांक हाताशी असलेला बरा.

जुन्या कागदांपैकी पुष्कळसे नष्ट झाले. काही दाव्यांच्या वह्या तेवढ्या त्या त्या काउंटीच्या दफ्तरखान्यांत उरल्या आहेत. वादीचे नाव, प्रतिवादीचे नाव, रक्कम, हुकूम. बहुतेक संसार तिथे एकेका ओळीत आटोपलेले.