माळवदावरची सुट्टी

नांदेड-लातूरकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. सुट्टीत फिरायला म्हणून या दोन जिल्ह्यांचं नाव कुणी काढत नाही. इथली माणसंही ऐपत नसताना महाबळेश्वराचे बेत करतात. माझ्या आजीच्या पिढीनं मात्र उन्हाळ्यातला प्रवास जवळपासच केला, आणि त्याच्या गोष्टी तिला जन्मभर पुरल्या.

आजी औसा तालुक्यातली. तिचा पहिला मोठा प्रवास चैत्री वारीचा, लातूरहून बार्शी लाइटनं. अडीच फुटी रुळांची ही रेल्वे १९११ साली लातूरला पोचली. कुर्डुवाडी-पंढरपूर फाटा १९०६ मध्येच झाला होता. त्यामुळं भाकरी, कांदा नि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून आमच्या भागातला शेतकरी रेल्वेनं विठोबाच्या गावी जाऊ लागला. पण लातूर निजामाचं आणि बार्शी इंग्रजांची. "गाडीची भीती नव्हती रे लेकरा, भीती नाक्याची," आजी सांगायची. करोडगिरी नाक्यावर गाठोडी सोडून बघत. पैसाही बदलावा लागे. इकडं हाली सिक्का, तिकडं कलदार; सात हालींना साधारण सहा कलदार. तिच्या वडिलांनी सात रुपये दिले आणि हातात सहाच परत आले, तेव्हा एक रुपया कुणीतरी चोरला म्हणून ती रडली होती. दोन राज्यांची सीमा वारकऱ्याच्या वाटेवर कशी आडवी पडली होती, हे मला त्या एका रुपयानं जितकं समजलं तितकं शाळेच्या पुस्तकानं कधी समजलं नाही.

पुढं १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीनं आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं त्याच बार्शीच्या दिशेनं गेली. त्या उन्हाळ्याबद्दल आजी फार बोलत नसे. १७ सप्टेंबरला हैदराबाद मुक्त झालं एवढं सांगून ती गप्प व्हायची.

आमच्या लहानपणी वडिलांची नोकरी नांदेडला होती. शाळा सुटल्या की आम्ही गावी. दिवसभर आंबील, कैऱ्या, विहिरीत पोहणं. दुपारी शेवया-कुरडयांची राखण. रात्री सगळं घर माळवदावर. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया, त्यावर मातीचा भरगच्च थर. संध्याकाळी पाणी शिंपडलं की तासाभरात ते माळवद गार व्हायचं. तिथं ओळीनं वाकळा पडत आणि मधोमध आजी. बार्शी लाइट, नाका, हाली रुपया, सगळं मी तिथंच ऐकलं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच सरली होती, विसर्जन करून माणसं घरात झोपली होती. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच माती नि तेच दगड अंगावर आले. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं बसली; आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरातली वाचली, पण भिंतींना भेगा गेल्या होत्या. घर उतरवावं लागलं. आजी नांदेडला आली आणि आमची गावाकडची सुट्टी संपली.

मग वडिलांनी तिला एसटीनं हिंडवायला सुरुवात केली. पहाटे निघायचं, उन्हं चढायच्या आत किल्ला बघायचा, दुपार झाडाखाली किंवा देवळात काढायची, दिवस कलता परत. कंधार नांदेडपासून पन्नासेक किलोमीटर. किल्ल्याभोवतीचा रुंद खंदक पाहून आजी म्हणाली, "ही पांचाळपुरी. द्रौपदीचं लगीन हितंच लागलं." इतिहास वेगळं सांगतो. राष्ट्रकूट स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवत; ते लट्टलूर म्हणजे लातूर, असं अभ्यासक मानतात. त्याच घराण्याच्या तिसऱ्या कृष्णानं दहाव्या शतकात कंधारला वैभव आणलं. इथला जगत्तुंग समुद्र हा तलाव राष्ट्रकूटांचाच वारसा. वेरूळचं कैलास लेणंही याच घराण्याचं. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे कंधारात सापडले आहेत. पुढं ते पाहिल्यावर माझ्या मुलांना द्रौपदीही खरी वाटली आणि कृष्णराजाही. मला त्यात काही वावगं वाटत नाही. गोष्टीनं गावाची ओढ लागते, मग लेकरू साल-शतक आपसूक विचारतं.

उदगीरला तिनं भाऊसाहेबांचं नाव काढलं. १७६० च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी या भागात निजामाला नमवलं, आणि पुढच्याच महिन्यात परतूरहून फौज उत्तरेकडं निघाली. "हितनं गेले ते परत आले नाहीत," एवढंच ती म्हणाली. पानिपतावर मी बरंच वाचलं आहे. उदगीरच्या तटावर उभं राहून ऐकलेलं ते वाक्य सगळ्यांत जास्त लक्षात राहिलं.

खरोशाची सहाव्या शतकातली लेणी, माहूरची रेणुका नि तिच्या तांबुलाचा प्रसाद, नांदेडला हुजूर साहिबचा लंगर हे सगळं उन्हाळ्यात सकाळच्या वेळी जमतं. सहस्रकुंड मात्र मे महिन्यात टाळावं. पैनगंगेला पाणी नसतं, धबधबा बघायचा तर पावसाळ्यातच.

आजी आता नाही. गोष्टी आईकडं आल्या आहेत, आणि ती पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहे. २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट आहे, २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. तेव्हा यंदाच्या सुट्टीत लांबचं बुकिंग करण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्यांना कुठल्या गावी जायचंय. खिडकीची जागा त्यांना द्या आणि लेकरांना त्यांच्या शेजारी बसवा.