कारकून आणि फुलपाखरू

बदलीचा हुकूम हाती पडला की आम्हा नोकरदार माणसांचा एक ठरलेला क्रम सुरू होतो. सामानाची बांधाबांध, मुलांच्या शाळेची चिंता, नव्या गावी महाराष्ट्र मंडळ आहे किंवा नाही याची चौकशी. आणि तेथे पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून परतीच्या तारखेची मनातल्या मनात मोजणी. ज्या गावी आयुष्याची तीन-चार वर्षे घालवावयाची, ते गाव आम्हांस एखाद्या जंक्शनावरच्या प्रतीक्षालयासारखे वाटत राहते. गाडी आली की उठावयाचे, एवढाच त्याच्याशी आपला संबंध.

आम्ही कोलकात्यास आलो ते याच मनःस्थितीत. एप्रिलातील एका सकाळी सरकारी वसाहतीच्या आवारात वाळलेल्या गवतावर एक केशरी रंगाचे फुलपाखरू बसलेले दिसले. पंखांवर मोरपिसातल्यासारखे डोळे होते. पाहता पाहता त्याने पंख मिटले आणि ते दिसेनासेच झाले. त्या जागी एक सुकलेले पान तेवढे उरले. खिशातील मोबाइलने आम्ही त्याचे छायाचित्र घेतले. पुढे जुलैत पाऊस लागल्यावर त्याच आवारात तसेच केशरी फुलपाखरू दिसले; परंतु याच्या पंखांची खालची बाजू सुकल्या पानासारखी नव्हती, तिच्यावरही डोळे रेखलेले होते. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवून आम्ही निष्कर्ष काढला की या दोन निराळ्या जाती होत.

निष्कर्ष चुकीचा होता. तथापि ही चूक करणाऱ्यांत आम्ही एकटे नाही, हे कळल्यावर थोडा धीर आला. सजीवांच्या नामकरणाची आजची पद्धत ज्याने घालून दिली, त्या स्वीडनच्या लिनियसने १७५८ साली याच फुलपाखराच्या उन्हाळी आणि पावसाळी रूपांना अलमाना आणि अ‍ॅस्टेरी अशी दोन स्वतंत्र नावे दिली होती. इंग्रजीत ज्याला पीकॉक पॅन्सी म्हणतात, ते हे फुलपाखरू. एकाच जीवाचे हे दोन ऋतूंतले दोन वेश आहेत, ही कल्पना त्यास कशी सुचावी? त्याने नमुने पाहिले ते मेलेले आणि टाचणीस टोचलेले. आणि टाचणीला ऋतू नसतो.

असल्या कोड्याचा छडा लावावयास त्या जागी वर्षभर राहणारा माणूस हवा. तो माणूस याच शहरात निघाला, आणि विशेष असे की तो आमच्याच जातकुळीचा, म्हणजे सरकारी कारकून होता.

लायोनेल द निसेव्हिल हा १८५२ साली इंग्लंडात जन्मला आणि १८७० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हिंदुस्थानात आला. कलकत्त्याच्या सरकारी कचेरीत त्याला कारकुनी मिळाली. त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, मोठा हुद्दा नव्हता. होता तो कचेरी सुटल्यानंतरचा वेळ. तो वेळ त्याने फुलपाखरांस दिला. १८८२ साली मेजर मार्शल या लष्करी इंजिनियराबरोबर त्याने हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोन येथील फुलपाखरांवरील ग्रंथाच्या प्रकाशनास आरंभ केला. पुढचे दोन खंड, १८८६ आणि १८९० सालचे, त्याने एकट्याने पुरे केले.

परंतु आमच्या मते त्याचे खरे मोठे काम ग्रंथाहूनही लहानशा जागेत झाले. गवतात आणि झाडांच्या सावलीत वावरणाऱ्या तपकिरी फुलपाखरांच्या दोन-दोन रूपांबद्दल तेव्हा वाद चालू होता. एका पक्षाचे म्हणणे, जाती दोन. दुसऱ्याचे म्हणणे, जात एक आणि ऋतू दोन. द निसेव्हिलने वाद घातला नाही. त्याने एका रूपाच्या माद्यांकडून अंडी घालून घेतली, अळ्यांना रोज ताजे गवत घातले, कोश होऊ दिले आणि त्यांतून काय बाहेर पडते ते पाहिले. एका वेशातील आईच्या पोटी दुसऱ्या वेशातील संतती निघाली. १८८६ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने हा वृत्तान्त छापला. ज्या प्रश्नावर युरोपातील संग्रहालयांत बसून तर्क लढविले जात होते, तो कलकत्त्याच्या एका कारकुनाने अळ्यांना वेळच्या वेळी गवत घालून सोडविला.

हे दोन वेश का, हेही पुढच्या अभ्यासकांनी उलगडले आहे. उन्हाळ्यात जमिनीवर सुका पाचोळा पडलेला असतो. त्यात न दिसणे हाच बचाव. पावसाळ्यात सर्वत्र हिरवे, त्यात सुके पान उलट उठून दिसावयाचे. तेव्हा पंखांच्या कडेला डोळे असले तर पक्षी किंवा सरडा त्या डोळ्यांवर चोच मारतो, पंखाचा तुकडा जातो आणि जीव वाचतो. कोणता वेश घालावयाचा हे अळीच्या अवस्थेत लाभलेल्या हवामानावरून, मुख्यतः तापमानावरून, ठरते.

द निसेव्हिलला कीटकशास्त्रज्ञाची पगारी सरकारी जागा मिळाली ती १९०१ साली. ज्या कामासाठी त्याने इतकी वर्षे फावला वेळ वेचला, ते काम अखेर त्याचे कचेरीतले काम झाले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हिवतापाने तो कलकत्त्यास मरण पावला. वय अवघे एकोणपन्नास.

हा एकच अपवाद असता तर त्याचे एवढे कौतुक नव्हते. परंतु या देशातील फुलपाखरांचे शास्त्र बहुतांशी बदलीवर आलेल्या माणसांनीच रचलेले आहे. भूतानच्या सीमेवरील देखणे भूतान ग्लोरी डॉक्टर लिडरडेलच्या हाती लागले आणि १८७३ साली त्याचे वर्णन केले बंगालच्या शिक्षणखात्याचे प्रमुख अ‍ॅटकिन्सन यांनी. सरकारी ग्रंथमालेतील फुलपाखरांचे १९०५ आणि १९०७ सालचे दोन खंड लिहिले ब्रह्मदेशाच्या जंगलखात्यात काम केलेल्या कर्नल बिंगहॅमने. १९२७ साली जातींच्या ओळखीचे पुस्तक काढले ब्रिगेडियर इव्हान्सने. ही मंडळी जेथे बदलून जात, तेथे त्यांचे जाळे बरोबर जाई.

त्यांच्या हुद्द्यांची छाया फुलपाखरांच्या इंग्रजी नावांवरही पडली आहे. कमांडर आहे, कमोडोर आहे, सार्जंट आहे. राजा आणि नवाब आहेत. बॅरन, आर्चड्यूक आहेत. फार काय, लास्कर म्हणजे खलाशीसुद्धा आहे. कारकून मात्र त्या दरबारात आमच्या पाहण्यात नाही! ज्याने एवढी नोंद लिहिली, त्याच्या वर्गाचे नाव नोंदवहीत नसावे, हे कचेरीच्या रीतीस धरूनच झाले म्हणावयाचे.

मराठी वाचकास अधिक जवळची हकीकत कारवारची. उत्तर कानडा जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तीन अंमलदार एकत्र आले: कलेक्टर डेव्हिडसन, जंगलखात्यातील टी. आर. बेल, आणि मीठ व जकात खात्यातील एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. एटकेन १८५१ साली आपल्या साताऱ्यास जन्मलेला, मुंबई-पुण्यास शिकलेला; १८८३ साली मुंबईस निसर्ग-इतिहास संस्था स्थापन झाली तिच्या संस्थापकांपैकी एक. या तिघांनी अळ्या शोधल्या, कोणती अळी कोणते झाड खाते हे पाहिले आणि त्या घरी वाढविल्या. जिल्ह्यातील फुलपाखरांवरची त्यांची लेखमाला १८९६ पासून त्या संस्थेच्या नियतकालिकात आली. मेलेल्या पंखांपेक्षा जिवंत अळीकडे लक्ष देण्याची शिस्त या देशात रुजली, त्यात कारवारचा वाटा मोठा आहे.

तिघांपैकी दोघांच्या आयुष्यांचा शेवट आमच्या मनात घोळत राहतो. साताऱ्यास जन्मलेला एटकेन निवृत्त होऊन एडिंबरोस गेला आणि तेथे १९०९ साली वारला. आयर्लंडात जन्मलेला बेल निवृत्तीनंतरही कारवारासच राहिला आणि १९४८ साली, साम्राज्य उठून गेल्यावर, तेथेच वारला. माणूस कोठला, हे जन्मगावावरून ठरवावे की त्याने डोळे भरून पाहिलेल्या गावावरून?

परंतु या इतिहासाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून तो पुरा होत नाही. संग्रहातील हजारो नमुने साहेबांनी स्वहस्ते धरलेले नव्हते. दार्जिलिंग-सिक्कीमच्या दऱ्यांत जाळे घेऊन उतरत ती लेपचा माणसे. कोणते फुलपाखरू कोणत्या ओढ्यावर, कोणत्या घटकेस उतरते, हे ज्ञान त्यांचे होते. चिठ्ठीवर नाव राहिले ते संग्रह करणाऱ्याचे; जातीला नाव मिळाले ते मित्राचे, वरिष्ठाचे, क्वचित पत्नीचे. आणि त्यांतले कितीतरी नमुने आज लंडनच्या संग्रहालयातील खणांत आहेत. नोंद झाली हे खरे. परंतु नोंद करणे म्हणजे मारणे आणि घेऊन जाणे, असाच त्या काळी अर्थ होता.

तो अर्थ आपल्या पिढीत बदलला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्यांनी अनेक फुलपाखरांना संरक्षण दिले, आणि जाळ्याची जागा कॅमेऱ्याने घेतली. २०१५ साली महाराष्ट्राने नीलवंतास, म्हणजे ब्लू मॉर्मनला, राज्य-फुलपाखराचा मान दिला. आता तारीख आणि स्थळ यांसह घेतलेले साधे छायाचित्रदेखील अभ्यासकांच्या उपयोगी पडते. कोठले फुलपाखरू कोणत्या महिन्यात, कोणत्या वेशात दिसले, ही नोंद आपण कोणाचा जीव न घेता करू शकतो.

त्यासाठी उन्हाळा वाया गेलेला ऋतू समजू नये. सकाळी ऊन कोवळे असते तेव्हा फुलपाखरे पंख पसरून अंग शेकत बसतात. तीच वेळ साधावी. दुपारी ओढ्याच्या किंवा नळाच्या ओल्या मातीवर त्यांचे, विशेषतः नरांचे, थवे बसतात. त्यांना पाण्याइतकीच त्यातल्या क्षारांची ओढ असते, हे मीठखात्यातल्या एटकेनने पाहिले असते तर खचित हसला असता. जवळ जाताना वाकून, सावकाश जावे. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये. पंखांच्या वरच्या बाजूचे एक आणि खालच्या बाजूचे एक, अशी दोन छायाचित्रे घ्यावीत. पुष्कळ जातींची ओळख खालच्या बाजूवरच पटते. आणि तारीख लिहावी. तारीख नसलेल्या छायाचित्राची गत लिनियसच्या टाचणीसारखी होते.

आमच्या दोन छायाचित्रांखाली आता एप्रिल आणि जुलै असे महिने लिहिलेले आहेत. आणखी वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा हुकूम येईल आणि आम्ही सामान बांधू. द निसेव्हिलच्या तुलनेत आमच्या हातून झाले ते नगण्यच. परंतु परतीच्या तारखा मोजण्याची सवय या दोन चित्रांपासून मोडली, एवढे खरे. परक्या राजवटीची माणसे या भूमीचे गवतन्गवत न्याहाळून गेली. आणि आम्ही, ज्यांच्यासाठी कोलकाता काय, शिलाँग काय, सारा स्वदेशच, तेथे प्रतीक्षालयातील उतारूंसारखे बसून असतो. ज्या गावच्या आवारात उन्हाळ्यात काय उडते आणि पावसाळ्यात काय, हे आपल्यास ठाऊक आहे, त्या गावाला परके म्हणवत नाही.