शिंगी

शिंगी (हेटेरोप्न्यूस्टीस फॉसिलिस) : गोड्या पाण्यातला, अंगावर खवले नसलेला आणि छातीच्या परात विषारी काटा असलेला मासा. विषारी मासा म्हटला की समुद्रातला दगडमासा किंवा विंचूमासा आठवतो. म्हणून समुद्रापासून दूर, तापीकाठच्या शिरपूर तालुक्यात हा विषय परका वाटावा यात नवल नाही. पण जेरेमी राइट यांनी 2009 साली मार्जारमीनांच्या, म्हणजे मिशावाल्या माशांच्या, विषग्रंथींचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या किमान 1,250 जाती विषारी असाव्यात असे दिसून आले. त्यांतल्या पुष्कळ नद्या-तळ्यांत राहतात. शिंगीला संथ, गढूळ, कमी प्राणवायूचे पाणी चालते. तिच्या कल्ल्यांच्या पोकळीतून शेपटीच्या दिशेने दोन लांब वायुपिशव्या जातात आणि त्यांच्या बळावर ती हवेतून श्वास घेते.

तिची ओळख बहुधा मिशांवरून किंवा रंगावरून केली जाते आणि घोटाळा तिथेच होतो. मिशांच्या चार जोड्या शिंगाळा आणि मांगूर या इतर मार्जारमीनांनाही असतात. रंग तर पिलांत तांबूस आणि मोठेपणी काळपट असा वयानुसार पालटतो. खरा निवाडा पाठीच्या परावर होतो. शिंगीचा हा पर अगदी आखूड, सहा-सात मऊ किरणांचा आणि बिनकाट्याचा असतो; खालचा गुदपर मात्र जवळजवळ शेपटीपर्यंत पोचतो. मांगुराचा पाठपर लांबच लांब असतो. शिंगाळ्याच्या पाठीवर काटा असतो आणि त्यामागे एक मांसल पर. प्राणिशास्त्रज्ञ ब्लॉख यांनी 1794 साली शिंगीचे शास्त्रीय वर्णन केले. आज जनुकीय तपासणी हाताशी आहे, मग परांची मोजदाद कशाला, असा आक्षेप येईल. एकसारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या काढायला ती तपासणी हवीच. पण जाळे सोडवणाऱ्याला निर्णय क्षणात घ्यावा लागतो, आणि तेवढ्यासाठी पाठीकडे एक नजर पुरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : काटा कोणाचाही लागो, प्रथमोपचार तोच, मग नाव ठरवून काय मिळते? उपचारापुरते हे मान्य करायला हवे. ओळखीचा उपयोग काटा लागण्याआधीचा आहे. शिंगीचा धोका डोक्यामागच्या दोन्ही बाजूंना, शिंगाळ्याचा पाठीवरही. त्यामुळे पकड बदलते. बाजारातही फरक पडतो, कारण आफ्रिकी मांगुराच्या संवर्धनावर भारतात बंदी आहे, शिंगीच्या नाही. काटा लागलाच तर ठणका आणि सूज येते. मृत्यू अतिशय विरळा. मोडलेले टोक काढावे, जखम धुवावी, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवावी, धनुर्वाताची लस घेतली आहे का ते पाहावे. विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने त्याचा जोर कमी होतो असे मानतात. चिखलातल्या जंतूंमुळे जखम पुढे चिघळू शकते. सूज चढत राहिली तर दवाखाना गाठावा.