सायकोसिसच्या कागदावर रुग्णाचं वाक्य कुठे असतं?

सायकोसिस म्हणजे काय, हे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत मिळतं: भास, भ्रम, विचारांचा विस्कळीतपणा आणि वास्तवाशी सुटलेला संबंध. पण ज्याच्यावर ही वेळ येते, त्याला नेमकं काय होतं? हे शोधायला इतिहासाकडे गेलं की एक अडचण येते. कागद आहेत, पण त्यांत त्या माणसाचं बोलणं फार कमी आहे. असं का, ते आज पाहूया.

सुरुवात १९१२ च्या 'इंडियन लुनॅसी अ‍ॅक्ट'पासून करू. या कायद्यात नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा आणि सोबत दोन वैद्यकीय दाखले जोडायचे, अशी एक वाट होती. दाखल्याच्या नमुन्यात दोन गोष्टी लिहायच्या असत: डॉक्टरने स्वतः पाहिलेली वेडेपणाची लक्षणं आणि इतरांनी सांगितलेली लक्षणं. रुग्णाचं म्हणणं काय, यासाठी वेगळी जागा नव्हती. त्याचं बोलणं कागदावर येई तेव्हा ते बहुधा वेडाचा पुरावा म्हणूनच. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा १ एप्रिल १९९३ ला अमलात आला, तोपर्यंत हीच चौकट होती. म्हणजे जवळजवळ ८० वर्षं!

आता हेच आपल्या भागात आणून बघा. पारगावसारख्या जुन्नर-आंबेगावच्या गावांत लोक काय म्हणतात? 'बाहेरचं झालंय', 'अंगात येतं', 'डोक्यावर परिणाम झालाय'. ही वाक्यं बहुतेक वेळा घरच्यांची किंवा शेजाऱ्यांची असतात. घरचे माणसाला घेऊन येरवड्याच्या मनोरुग्णालयात गेले, की त्यांचं सांगणं 'इतरांनी सांगितलेलं' या सदरात बसतं. गावाची भाषा वेगळी, सरकारी कागदाची वेगळी. पण दोन्हीकडे तो माणूस तृतीयपुरुषीच राहतो.

कायद्यानंतर वर्षभरातच, १९१३ मध्ये, जर्मनीत कार्ल यास्पर्स यांचा मनोविकृतीशास्त्रावरचा मोठा ग्रंथ आला. आजाराचं कारण सांगणं वेगळं आणि माणसाचा अनुभव समजून घेणं वेगळं, हा फरक त्यांनी ठामपणे मांडला. गंमत म्हणजे, खऱ्या अर्थाचा भ्रम हा समजून घेण्यापलीकडचा असतो, असंही त्यांचंच मत होतं. दार उघडलं, पण अर्धंच.

पुण्यात हा विषय लोकांपुढे आला तो कुटुंबांमुळे. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक असलेल्या जगन्नाथ वाणी यांनी, पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून, १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली. पुढे २००४ मध्ये सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' आला. त्यातल्या शेषला काय दिसतं, काय वाटतं, ते प्रेक्षकाला त्याच्या बाजूने बघावं लागतं. आजार 'दिसणं' आणि आजारातून 'बघणं' यातला फरक इथे कळतो.

हा फरक संशोधनातही महत्त्वाचा ठरतो. टान्या लुहरमन आणि सहकाऱ्यांनी सॅन मातेओ, आक्रा आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० रुग्णांना ऐकू येणाऱ्या आवाजांबद्दल विचारलं. २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या लोकांनी आवाजांचं वर्णन बरेचदा हिंसक आणि मेंदूच्या आजाराची खूण असं केलं. चेन्नईत मात्र अनेकांना नातेवाइकांचे आवाज येत होते. कधी रागावणारे, कधी कामं सांगणारे. 'आवाज येतात' एवढी नोंद करून थांबलो असतो, तर हे कधीच कळलं नसतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आणखी एक पाऊल टाकलं. पुढे आजारी पडलो तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. स्वतःचे वैद्यकीय कागद मिळण्याचा हक्कही त्याला, काही अपवाद सोडता, आहे. १९१२ च्या नमुन्यात नसलेली जागा निदान कायद्यात तरी आली.

तुम्ही जुनी केस-नोंद वाचाल किंवा गावात मुलाखत घ्याल, तेव्हा प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने लिहा: हे कोण बोललं, कोणाला सांगितलं, कोणी कोणत्या भाषेत उतरवलं? रुग्णाचं वाक्य सापडलं नाही, तर ती जागा आपल्या अंदाजाने भरू नका. ती रिकामी आहे, हेच तुमच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. तोही एक निष्कर्षच आहे.