मोटारीचा रंग आणि रंगाखालचा पत्रा

मोटारीचे रंगकाम घोडागाड्यांच्या कारखान्यांतून आले. विसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेत गाड्यांना जवसाचे तेल आणि राळ यांचा रंग ब्रशने देत. एक हात वाळायला दिवस लागत. मग तो प्युमिसच्या भुकटीने घासून त्यावर पुढचा हात चढे. एका गाडीचे रंगकाम कित्येक आठवडे चाले. फोर्डने 1914 पासून सुमारे 11 वर्षे 'मॉडेल टी' फक्त काळ्या रंगात विकली. हा काळा रंग म्हणजे भट्टीत भाजलेले डांबरयुक्त इनॅमल. ते स्वस्त होते, टिकाऊही होते.

खरा पालट 1923 च्या सुमारास झाला. ड्यूपाँ कंपनीने जनरल मोटर्सच्या साथीने नायट्रोसेल्युलोजचे 'ड्यूको' लॅकर तयार केले आणि ते आधी जनरल मोटर्सच्याच ओकलंड गाड्यांवर निळ्या रंगात दिसले. त्यातला द्रावक उडाला की रंग वाळे, त्यामुळे आठवड्यांचे काम तासांवर आले. इतक्या लवकर सुकणारा रंग ब्रशने नीट पसरत नाही, म्हणून फवारणीची बंदूक अपरिहार्य ठरली. भारतातल्या गॅरेजांत पुढे फवारणीच्या रंगालाच 'ड्यूको' म्हणू लागले.

लॅकरचा थर पातळ असतो आणि खालचा ओरखडाही तो झाकत नाही. म्हणून कारागिराची मेहनत रंगाखालच्या पत्र्यावर वाढली. ती हलकी करणारी दोन साधने थ्रीएम कंपनीतून आली. 1921 च्या सुमाराच्या पाण्यात चालणाऱ्या पॉलिश पेपरमुळे घासताना उडणारी घातक धूळ बसली. 1925 मध्ये रिचर्ड ड्र्यू यांनी मास्किंग टेप बनवली. दुरंगी गाड्या रंगवताना चिकटपट्टीबरोबर ताजा रंगही निघून येई, ही रंगाऱ्यांची अडचण त्यांनी पाहिली होती.

खड्डे भरण्याची जुनी रीत म्हणजे शिसे-कथिलाचा डाख. पत्रा तापवून त्यावर डाख मऊ करायचा, चरबी लावलेल्या लाकडी थापीने पसरायचा आणि कानशीने आकाराला आणायचा. शिशाची भुकटी विषारी असते आणि डाख धरावा म्हणून लावलेला फ्लक्स धुतला गेला नाही तर काही काळाने रंगाला फोड येतात. तरीही चांगला डाख पत्र्याशी एकजीव होऊन दशकानुदशके टिकतो. 1955 च्या सुमारास अमेरिकेत पॉलिएस्टरची लांबी (पुटी) आली आणि हे कौशल्य झपाट्याने मागे पडले. लांबी भरायला सोपी, पण जाड थर तडकतो. शिवाय ती ओलावा शोषते, म्हणून कोरडी घासून लगेच अस्तराखाली झाकावी लागते. हातोडी आणि पत्र्यामागे धरायच्या डॉलीने पत्रा जेवढा सरळ होईल तेवढी लांबी कमी लागते. जाणकाराचा हात इथेच ओळखू येतो.

मुंबईत या कामाला वेगळे वळण लागले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये 1964 पासून फियाट 1100डी च्या बेतावरची गाडी बनू लागली आणि पुढे तिचे नाव पद्मिनी झाले. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्यामुळे जुनीच ठोकून, भरून, रंगवून चालवणे भाग होते. डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजांनी ही वाहने जगवली. काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी 2023 पर्यंत रस्त्यावर होत्या.

अशा गाड्यांवर इनॅमल, लांबी आणि लॅकर यांचे थर एकावर एक साठलेले असतात. इनॅमलवर लॅकर फवारले तर त्यातल्या थिनरने खालचा थर सुरकुततो. म्हणून कसोशीचे जीर्णोद्धाराचे काम उघड्या पत्र्यापासून सुरू होते: गंज काढणे, कुजलेला भाग कापून नवा पत्रा वेल्ड करणे, मग प्रायमर. त्यावर वेगळ्या रंगाचा विरळ थर फवारून पत्रा घासतात. जिथे तो रंग उरतो तिथे खळगा असतो.

शेवटच्या रंगाबद्दल मात्र एकमत नाही. दोन भागांचे पॉलियुरेथेन लॅकरपेक्षा टिकाऊ असते, पण त्यातील आयसोसायनेटमुळे दमा होऊ शकतो, त्यामुळे बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा हवा. जुन्या गाडीची मूळ झळाळी लॅकरलाच येते. युरोपीय संघाने 2004 च्या नियमाने द्रावकयुक्त रंगांवर मर्यादा घातल्या, तरी ऐतिहासिक मोलाच्या वाहनांसाठी परवान्याने असे रंग थोड्या प्रमाणात वापरण्याची सवलत ठेवली.