हास्यामागून आलेला प्रश्न

अंतराळयाने, परग्रहवासी आणि बोलकी यंत्रे यांच्या गोष्टी म्हणजे मुलांची करमणूक, अशी आमच्या पिढीतील पुष्कळांची समजूत होती. नवी मुंबईतील आमच्या घराघरांतून तरुण मुले अशा मालिका पाहत बसलेली दिसली, की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. परंतु या वाङ्मयप्रकाराचा इतिहास पाहिला, तर तो एका वेगळ्याच वाटेने गेलेला आढळतो. आरंभी हसविणाऱ्या गोष्टीने पुढे गंभीर प्रश्न विचारावा, असे येथे घडले आहे.

अमेरिकेत २०१७ साली ‘द ऑर्व्हिल’ ही मालिका सुरू झाली. तिचे जनक सेथ मॅकफार्लेन हे विनोदी कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध. त्यामुळे जुन्या ‘स्टार ट्रेक’ची ही थट्टा असणार, असे अनेकांनी गृहीत धरले आणि पहिले भाग बरेचसे तसेच होते. तथापि भागांमागून भाग आले, तसा विनोद मागे सरकला. दुसऱ्या पर्वात आयझॅक नावाच्या यंत्रमानवाची कथा आली. ज्यांनी त्याची जात घडविली, त्यांनीच तिला गुलाम केले आणि तिने आपल्या निर्मात्यांचा समूळ नाश केला. २०२२ साली तिसरे पर्व आले, तेव्हा त्याच्या पहिल्याच भागात एकाकीपण आणि आत्मनाश हा विषय होता. प्रारंभीची थट्टामस्करी करणारी ती मालिका हीच का, असे वाटावे!

यांपैकी पहिल्या पर्वाचा अखेरचा भाग धर्मगुरू या नात्याने आम्हांस विशेष विचार करावयास लावणारा वाटला. यानावरील एक स्त्री अधिकारी एका अप्रगत ग्रहावर जखमी मुलीला बरे करते. लोक तिला देवता मानतात. त्या ग्रहाचा काळ असा विलक्षण, की इकडे अकरा दिवस जातात तोवर तिकडे सातशे वर्षे लोटतात. ती परत जाते, तेव्हा तिच्या नावाने मंदिरे उभी आहेत आणि तिच्याच नावाने माणसांना शिक्षा होत आहेत. ‘मी देवता नव्हे,’ हे सत्य ती तेथील धर्मप्रमुखास सांगते. ते लोकांना सांगू पाहणाऱ्या त्या प्रमुखाचाच बळी घेतला जातो.

धर्माचीच ही निंदा आहे, असे एखाद्यास वाटेल. शेवटी ते लोक धर्म मागे टाकून ‘प्रौढ’ झालेले दाखविले आहेत; तो निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. परंतु मूळ प्रसंग आपल्याला अपरिचित आहे काय? प्रेषितांच्या कृत्यांचा चौदावा अध्याय उघडावा. लुस्त्र नगरात पौलाने जन्मतः पांगळ्या माणसास उभे केले, तेव्हा लोकांनी त्याला व बर्णबाला देव ठरवून त्यांच्यासाठी बैल व फुलांच्या माळा आणल्या. दोघांनी आपली वस्त्रे फाडली आणि आपणही तुमच्यासारखीच माणसे आहोत, असे ओरडून सांगितले. खरी श्रद्धा आणि मूर्तिपूजा यांतील भेद त्या फाडलेल्या वस्त्रांत आहे.

मराठी विज्ञानकथाही अशाच वाटेने आली. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत सफरी भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या. तेव्हा कुतूहल आणि गंमत हेच या कथेचे मुख्य धन होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली, की जयंत विष्णू नारळीकर प्रकट होतात! पुढल्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी त्यांच्या विज्ञानकथांची प्रशंसा केली.

नारळीकरांच्या ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत डाव्याउजव्याची मौज आहे. ‘धूमकेतू’त मात्र हसता हसता वाचक गप्प होतो. पृथ्वीवर येणारा धूमकेतू शास्त्रज्ञ वळवितात आणि घरी श्रेय मिळते ते यज्ञाला. कथेतला हा प्रश्न नारळीकरांनी प्रत्यक्षातही तपासला. २००८ साली पुण्यात झालेल्या चाचणीत सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहिल्या. मुलगा हुशार की मतिमंद, एवढेच ओळखावयाचे होते. बरोबर उत्तरे निघाली शेकडा ४६, म्हणजे नाणे उडविण्याहून अधिक काही नाही. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथानेही पत्रिका व ज्योतिष यांचा स्पष्ट निषेध केला आहे. तरीही सोयरीक जमविताना गुपचूप पत्रिका दाखविणारी ख्रिस्ती कुटुंबे नाहीत, असे आम्ही छातीठोकपणे कसे म्हणावे?

विश्वाचा आरंभ एका आदिम अणूतून झाला, ही कल्पना १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथॉलिक धर्मगुरू. तिला ‘महास्फोट’ हे नाव दिले तिच्या विरोधकाने, म्हणजे फ्रेड हॉईल यांनी. तेही विज्ञानकथा लिहीत आणि बीबीसीच्या १९६१ च्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’ या मालिकेचे सहलेखक होते. नारळीकर त्यांचेच शिष्य. असा मतभेद असूनही आमच्या मराठीने एक सुंदर योग जुळविला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, तर त्यानंतरच्या, डिसेंबर २०२१ मधील नाशिकच्या संमेलनाचे नारळीकर. फादर २०२४ साली गेले, नारळीकर २०२५ साली. एकाच भाषेच्या आसनावर धर्मगुरू आणि शास्त्रज्ञ लागोपाठ बसले, हे आपण विसरू नये.

तेव्हा मुले हसत असतील तर त्यांच्या शेजारी जाऊन बसावे. हसू थांबून ती गप्प झाली, की कपाळाला आठ्या न घालता विचारावे, ‘तुला काय वाटले?’ त्यांच्या उत्तरात कदाचित शंका असेल. शंका ऐकून घेणारे घर मुलांना परके वाटत नाही. आणि जे घर परके वाटत नाही, तेथली प्रार्थनाही त्यांना परकी वाटत नाही.