मे महिन्यातली कमाई

उन्हाळ्याची सुट्टी लागली की घरोघरी एक वाद सुरू होतो. पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला, मिसरूड फुटू लागले. आता दीड महिना त्याने करायचे काय? बाप म्हणतो, "मिळवू द्या की चार पैसे." आजोबा म्हणतात, "एवढ्यात पैशाची चटक नको." वाचकहो, हा वाद तुमच्याही घरी झाला असेल. मला दोघांचेही म्हणणे पटते. पण त्याच्यामागे मोठा इतिहास आहे, तो आधी पाहू.

मुंबईच्या गिरण्या भरभराटीला आल्या तेव्हा पोरांना सुट्टीच नव्हती. १८८१ साली सरकारने पहिला कारखाना कायदा केला. त्यात सवलत काय दिली, तर सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसात नऊ तासांहून जास्त राबवू नये! महिन्यातून चार दिवस सुट्टी. पुढे १८९१ साली वयाची अट नऊ वर्षांवर गेली, १९२२ साली बारांवर आणि १९४८ साली चौदांवर. सातावरून चौदावर यायला सदुसष्ट वर्षे लागली. कमाई त्या मुलांचीही होतीच. पण ती घरच्या चुलीत जाई, आणि शाळा कायमची दुरावे.

याच्या अगदी उलट दिशेने विचार केला तो कर्मवीर भाऊराव पाटलांनी. ते स्वतः साताऱ्यात शिकवण्या करून राहिलेले. लोक त्यांना 'पाटील मास्तर' म्हणत. पुढे किर्लोस्करांचे नांगर खपवण्यासाठी ते गावोगाव हिंडले. खेड्यातला मुलगा शाळेत का येत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले. सगळ्या जातींची मुले तिथे एका पंक्तीला बसत, स्वयंपाक हाताने करीत, शेतात राबत. १९४७ साली साताऱ्यातच छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेही 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर. कुदळ गिरणीतल्या पोराच्या कामापेक्षा हलकी होती असे नाही. पण इथे घामाचा मोबदला शिक्षणाकडे वळता होई. एकाच कष्टाने एकाची शाळा सुटते आणि दुसऱ्याची चालू राहते, ती अशी.

आजचा कायदाही हा भेद थोडाफार ओळखतो. २०१६ सालच्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला नोकरीवर ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात हातभार लावायचा तर तो शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि तोही धोक्याच्या कामात नाही. चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना खाणी, स्फोटके, ज्वालाग्राही पदार्थ आणि घातक प्रक्रिया यांची मनाई आहे. बाकी काम करता येते. पण जूनमध्ये ते थांबवायचे केव्हा, हे काही कायदा घरी येऊन सांगत नाही बरं का!

माझेच सांगतो. १९९६ साली नववीची परीक्षा आटोपली आणि मी तालुक्याच्या गावी एका बाइंडरकडे लागलो. लोकांनी रद्दीत घातलेल्या वह्यांतली कोरी पाने फाडायची, दाभणाने शिवायची, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. वहीमागे आठ आणे. बोटांना भोके पडली, पण मे अखेर दोनशे चौदा रुपये झाले. दहावीची जुनी पुस्तके मी त्याच दुकानातून अर्ध्या किमतीत घेतली. मालक हिशेबाला कडक, पण मृगाआधी त्याने मला स्वतःच रजा दिली.

माझा बाकावरचा सोबती त्याच उन्हाळ्यात हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात लागला होता. त्याची कमाई माझ्या दुप्पट. जूनमध्ये मालकाने पगार वाढवला, घरच्यांनी हो म्हटले. मी त्याच्यासाठीही दहावीचा एक संच दुकानात बाजूला ठेवायला सांगितला होता. जुलैत तो दुसऱ्याच मुलाने नेला.